टवके उडतात ते चुनखडीमुळे

सांगलीच्या बाजारात विकलेले माठ आठ दिवसांत टवके उडून परत येतात, आणि त्यावर 'आवा (माठ भाजायची भट्टी) जास्त तापवा' असा सल्ला दिला जातो. त्याने नुकसान वाढेल. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, तो ओल शोषून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका बघा, असेल तर हेच कारण. आच वाढवली की उलट आणखी खड्यांचा चुना होतो.

वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर ती पाण्यात पातळ कालवून बारीक जाळीतून किंवा सुती कापडातून गाळाच. नुसती कोरडी चाळून भागत नाही, बारीक खडे निसटतात. काळी माती सुकताना फार आकसते, म्हणून मळताना चाळलेली लीदही घाला.

विकण्याआधी माल दहा दिवस ठेवा आणि प्रत्येक माठ बोटाने वाजवा. बद्द वाजला तर चीर आहे. टेम्पोत खाली उसाचं पाचट जाड पसरा. अक्षय तृतीयेआधी मागणी वाढते, तेव्हा हे दहा दिवस धरूनच आवा लावा.