अमेरिकी दुकान जपानमध्ये नेमके कुठे अडते?

हरिपूररस्ता (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत व्यवस्थापनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमचे घरचे किराणा दुकान आहे. प्रकल्पासाठी मला 'अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीचा जपानमधील विस्तार व सांस्कृतिक अडचणी' हा विषय मिळाला आहे. वाचायला घेतले, तर जिकडेतिकडे तेच आढळते: जपानी माणूस कमरेत वाकून अभिवादन करतो, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देतो आणि तोंडावर नकार देत नाही. हे खरे असेलही, परंतु एवढ्यावरून वॉलमार्टसारखी कंपनी काढता पाय घेईल, हे मला पटत नाही. गिऱ्हाईक का तुटते, ते मी लहानपणापासून आमच्या गल्ल्यावर बसून पाहत आलो आहे; नमस्कार चुकला म्हणून तुटलेले आठवत नाही. सेइयू या जपानी सुपरमार्केट साखळीत 2002 मध्ये 6.1 टक्के हिस्सा घेऊन शिरलेली आणि 2008 मध्ये ती पूर्णपणे ताब्यात घेतलेली कंपनी 2020 मध्ये बहुतांश हिस्सा विकायला का तयार झाली असेल? तिकडे राहून आलेल्यांनी कृपया सांगावे.

कासपठार (सातारा)

मी साताऱ्याची. यजमानांच्या नोकरीमुळे नऊ वर्षे टोकियोला लागून असलेल्या साइतामा प्रांतात काढली आणि त्यातली बरीच वर्षे सेइयूचीच गिऱ्हाईक होते. तुमची शंका रास्त आहे. वाकून नमस्कार करणे कोणालाही आठवड्यात शिकवता येते. अडचण स्वयंपाकघरात असते. घर लहान, फ्रिज लहान, मासळी ताजीच हवी आणि सामान सायकलीच्या टोपलीत मावेल एवढेच घ्यायचे, त्यामुळे शेजारणी जवळजवळ रोज बाजारात जात.

जायचे कुठे, हे सकाळच्या वर्तमानपत्रात घडी घालून आलेल्या 'चिराशी' नावाच्या जाहिरात-पत्रकांवरून ठरे. आज अंडी या दुकानात स्वस्त, तर मासे त्या दुकानात. वॉलमार्टचे तत्त्व होते, 'रोजच कमी भाव'. म्हणजे आजची खास सवलत नाही आणि म्हणून पत्रकांवरचा खर्चही कमी. हिशेबाला हे बिनतोड होते. परंतु पत्रक आले नाही, की गृहिणी त्याचा अर्थ 'तिथे आज काही विशेष नाही' असाच घेई.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. तिकडे 'यासुकारो वारुकारो' अशी म्हण आहे. स्वस्त असेल तर वाईटही असेल, असा तिचा भाव. असे असूनही संध्याकाळी उशिरा सुशीच्या आणि जेवणाच्या डब्यांवर निम्म्या किमतीची चिकटपट्टी लागली, की त्याच बायका तिथे गर्दी करीत आणि त्यांत मीही असे. मला यातला विरोध बरेच दिवस उलगडत नव्हता. नंतर ध्यानात आले, की त्या स्वस्ताईमागचे कारण डोळ्यांना दिसते: माल आजचा आहे आणि रात्र पडते आहे. आपल्या मंडईत दिवेलागणीला मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते, तेव्हा आपण तरी कुठे शंका घेतो? तीच जुडी सकाळी सात वाजता त्या भावात कोणी देऊ लागला, तर मात्र आपण पाने उलटून पाहू. कारण न सांगता रोज कमी असलेला वॉलमार्टचा भाव त्या गृहिणींना तसाच संशयास्पद वाटत असे.

जुनाअडत्या (सांगली मार्केट यार्ड)

ताईंनी गिऱ्हाइकाची बाजू सांगितली. मी मालाची सांगतो. जपानमध्ये कारखाना आणि दुकान यांच्यामध्ये 'तोन्या' म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांचे एकाखाली एक थर असत. अमेरिकी कंपनीला ते निव्वळ दलाल वाटले. आमच्या हळदीच्या पेठेतही अडत्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. पण पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला उचल कोण देतो, हे त्यांनी सांगावे. गोदाम नसलेल्या दुकानाला थोडा थोडा माल वारंवार पोहोचवणे, उधारी सांभाळणे आणि न खपलेला माल परत घेणे, ही कामे तोन्या करीत. त्याला वगळले, की ती कामे स्वतःच्या अंगावर येतात.

मात्र सगळ्याच गोष्टी संस्कृतीच्या खात्यावर टाकू नका. खेळणी विकणाऱ्या टॉईज आर अस या कंपनीला आधी आडवा आला तो कायदा. 1973 च्या मोठ्या दुकानांविषयीच्या कायद्यामुळे स्थानिक दुकानदारांचा विरोध असला, तर परवानगी वर्षानुवर्षे लांबत असे. अमेरिकेने व्यापारी वाटाघाटींत दबाव आणला, नियम सैल झाले आणि डिसेंबर 1991 मध्ये इबाराकी प्रांतात कंपनीचे पहिले दुकान उघडले. पुढच्याच महिन्यात नारा प्रांतातील काशिहारा येथील दुसऱ्या दुकानाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश स्वतः हजर होते! खेळण्यांच्या दुकानाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. शिवाय त्यांचे भागीदार जपानी मॅकडोनाल्डचे डेन फुजिता होते. बाजाराच्या खाचाखोचा जाणणारा माणूस घरातच होता. तो कायदा 2000 मध्ये रद्द झाला.

हरिपूररस्ता (सांगली)

ताई, काका, मनापासून आभार. एक शंका उरते. घर आणि फ्रिज लहान असतील, तर भले मोठे खोके विकणारी, वर वार्षिक सभासद शुल्कही घेणारी कॉस्टको 1999 पासून तिथे कशी टिकली?

कासपठार (सातारा)

कारण ती रोजच्या बाजाराच्या वाटेला गेलीच नाही. कॉस्टकोला आम्ही मोटारीने, चार मैत्रिणी मिळून, सहल निघावी तसे जात असू आणि घरी येऊन मांस व पाव वाटून घेत असू. तिथला माल सुटा करून विकणारी वेगळी दुकानेही निघाली आहेत. तिचे परकेपण हेच तिचे आकर्षण होते. सेइयू मात्र आमच्या गल्लीतले दुकान होते, त्यामुळे तिथे झालेला प्रत्येक बदल काहीतरी हिरावल्यासारखा जाणवे.

जुनाअडत्या (सांगली मार्केट यार्ड)

यात सेव्हन-इलेव्हन ही छोट्या दुकानांची साखळीही जोडा. टेक्सासची ही कल्पना इतो-योकादो या जपानी कंपनीने 1974 मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात आणली, तीही दारूचे जुने दुकान चालवणाऱ्या दुकानदाराला हाताशी धरून. पुढे तिथे ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, विकले जाऊ लागले. मूळ अमेरिकी कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा 1991 मध्ये जपानी मंडळींनीच तिचा मोठा हिस्सा घेतला. तुमच्या प्रकल्पात वॉलमार्टपेक्षा हिला अधिक पाने द्यावीत, असे माझे मत आहे.

कासपठार (सातारा)

काही जुन्या चिराशी माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली अंथरलेल्या आहेत. त्यांवर भावही स्पष्ट छापलेले आहेत. उपयोग होणार असेल, तर रविवारी छायाचित्रे काढून इथे टाकते.