मदत हवी आहे: बियर बाटल्यांऐवजी केगमध्ये (स्टीलच्या पिंपात) भरायची आहे

मंडळी, न्यू जर्सीत घरच्या तळघरात हौस म्हणून बियर करतो. एक घाणा पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटर. त्याच्या पन्नासेक बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, साखरेचं पाणी मोजून घाला, झाकणं दाबा आणि वर दोन आठवडे वाट बघा. या सगळ्याचा आता वीट आलाय.

वापरलेले दोन कॉर्नी केग (शीतपेयांसाठी बनवलेली छोटी स्टीलची पिंपं) स्वस्तात मिळताहेत. नळ्या जोडायच्या दोन पद्धतींपैकी पिन लॉकवाले, पूर्वी कोकचं सिरप भरायचे तसले. दुसऱ्या पद्धतीच्या, म्हणजे बॉल लॉकवाल्यांपेक्षा बुटके आणि जाड असतात, पण जुन्या फ्रिजमध्ये दोन उभे राहून दार लागतंय. सोबत पाच पौंडी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि गॅसचा दाब ठरवणारा एक रेग्युलेटर घेईन.

घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एका केगमध्ये स्टाउट (काळी, कमी फसफसणारी बियर) आणि दुसऱ्यात हेफेवायझन, म्हणजे हेफे (गव्हाची, खूप फसफसणारी जर्मन बियर) ठेवायचा विचार आहे. फ्रिज ३-४ अंशांवर. तिथे स्टाउटला गॅसचा ६-७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरे, हेफेला मात्र वीसच्या आसपास लागतो. गॅसच्या नळीला टी-जोड लावून दोन फाटे काढले तरी दाब दोन्हीकडे सारखाच. मधला १२ ठेवला तर धड ना ही, धड ना ती. काय करावं?

('विकतची आणा' हा सल्ला घरून मिळालेला आहे, इथे नको.)

प्रतिसाद १
हेफे बाटलीतच राहू द्या. तिच्यात यीस्टचा गाळ हवाच असतो, शेवटचा घोट घुसळून ग्लासात ओततात. फक्त बाटल्या जाड काचेच्या घ्या. केगच हवा असेल तर एका फाट्यावर त्याच्यापुरता वेगळा दाब ठेवणारा दुय्यम रेग्युलेटर बसतो, पण वीस पीएसआयला केगपासून तोटीपर्यंतची बियरची नळी चांगलीच लांब लागते, नाहीतर ग्लासभर फेसच. १२ पीएसआयलासुद्धा ३/१६ इंची नळी दहा फूट ठेवा. फ्रिजमध्ये वेटोळं दिसतं म्हणून कापू नका.

प्रतिसाद २
जुन्या केगचे सगळे ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आधी बदला. आधी भरलेल्या रूट बियरचा (एका अमेरिकी शीतपेयाचा) वास रबरात मुरलेला असतो, कितीही घासा, जात नाही. झाकण ३० पीएसआय देऊन बसवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला की गळती. सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नका. आतला द्रव सीओटू संपेपर्यंत तो जवळपास हलत नाही, मग एकदम झोपतो. त्यापेक्षा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. हेफे बाटलीत, केगमध्ये स्टाउट आणि पेल एल (फिकट रंगाची बियर). या दोघींचं एका दाबावर भागेल, स्टाउटला थोडा जास्त गॅस चालेल मला. एक शंका: रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा का?

प्रतिसाद २
बियरमध्ये गॅस मुरेपर्यंत, म्हणजे आठवडा-दीड आठवडा, चालूच ठेवा, पण त्याआधी गळती तपासा. नंतर बंद केला तरी चालतो, ग्लास भरताना उघडायचा.