रोजच्या फेरीत किडे, पक्षी, रानफुलं टिपायला काय घ्यावं?

रुईवाली_ताई: सोलापूरच्या कंबर तलावाकडं रोज सकाळी तासभर चालायला जाते. म्हणजे चालणं निम्मंच, उरलेला वेळ रुईच्या झुडपापाशी वाकून. मोबाईलवर एकदांडीचं फूल बरं येतं, पण शिंजीर पक्षी म्हणजे नुसता काळा ठिपका. मुलाचा जुना कॅनन डीएसएलआर ५५-२५० मिमीच्या झूम लेन्ससकट कपाटात पडून आहे. दुकानात गेलं की लाखाची लेन्स दाखवतात. वीस हजारांत काय होईल? आणि काल टाकलेल्या फोटोतलं फुलपाखरू बिबळ्या कडवाच आहे ना?

झूमबहाद्दर: सरळ निकॉन पी९५० घ्या. ८३ पट झूम, लेन्स बदलायची कटकट नाही.

माळरान४१३: अहो, ताईंचं बजेट वाचलंत का? शिवाय तो किलोभर वजनाचा. ताई, कॅमेरा आहे की ओ तुमच्याकडं! रेनॉक्स डीसीआर-२५० हे छोटं भिंग तेवढं घ्या, तुमच्या लेन्सच्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. किड्यापासून साधारण १२ सेंमीवरच फोकस होतो, त्यामुळं रिंग फिरवत बसू नका. श्वास रोखून अंगच थोडं मागंपुढं करायचं. लेन्सचं छिद्र बारीक, एफ/११ ठेवा आणि फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. ऊन चढायच्या आत जा. गारव्यात किडे सुस्त असतात, आपल्याकडं नऊनंतर एकही जागेवर थांबत नाही.

शिंजीरासाठी भिंग काढा, झूम २५० वर न्या, शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या पुढं. त्याच्यामागं पळू नका. जास्वंदीपाशी उभं राहा, तो परत तिथंच येतो.

पाकोळी_सोलापूर: ताई, तो बिबळ्या कडवा नाही, छोटा चांदवा या फुलपाखराची मादी आहे! मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका दिसतोय. बिबळ्याच्या त्याच पंखावर मधोमध तीन-चार असतात. बिबळ्याची अळी रुई खाऊन विषारी होते, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून ही चांदव्याची बाई त्याचं लुगडं नेसून फिरते. आम्हीही दोन वर्षं फसलो होतो. रानफुलाचा फोटो काढताना पानाचा आणि खोडाचाही एकेक काढा. नुसत्या फुलावरून ओळख मागितली की आमची पंचाईत होते.

रुईवाली_ताई: लुगडं! आता प्रत्येक बिबळ्याचे ठिपके मोजणार. भिंग मागवलं.

रुईवाली_ताई: (आठ दिवसांनी) आज टाचणी (चतुरासारखा बारीक किडा) मिळाली. चाळीस फोटोंत एक बरा. डोळा लख्ख आलाय, शेपूट मात्र धूसर.

पाकोळी_सोलापूर: ते शेपूट नाही ताई, पोट आहे 😄

माळरान४१३: समोरून काढलाय म्हणून. उद्या बाजूला बसा, टाचणी आडवी दिसली पाहिजे.