मदत हवी आहे: एचपीव्ही त्याचा गेला, माझा जाईना. सीडी फोर ६४० असूनही?

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

वय ३८. एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, नऊ वर्षं एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) सुरू आहे. गोळी चुकत नाही, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल (रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी), गेल्या महिन्यात सीडी फोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) ६४० आला. जोडीदारही पुरुषच, तो निगेटिव्ह.

दोन वर्षांपूर्वी दोघांनाही एचपीव्ही या विषाणूच्या चामखिळी आल्या. माझ्या गुदद्वाराशी होत्या आणि मी चार महिने मूळव्याध समजून मलम चोळत बसलो (हसू नका). त्याच्या लिंगावर तीन-चार होत्या, त्या वर्षभरात आपोआप गेल्या. माझ्या मात्र द्रव नायट्रोजनने तीनदा जाळून झाल्या. कापसाचा बोळा टेकवला की चर्रकन पांढरं होतं, आठवड्याने खपली पडते आणि दोन-तीन महिन्यांत शेजारीच नवीन हजर.

प्रश्न असे:
सीडी फोर चांगला असूनही माझं शरीर याला हाकलत का नाही?
रक्तातल्या अँटिबॉडी तपासून काही कळेल का?
आता लस घेण्यात अर्थ आहे?
आणि त्याचा गेला म्हणजे तो सुटला ना?

डॉक्टर चांगले आहेत, पण दहा मिनिटांत एवढं विचारता येत नाही. शिवाय पॅन्ट खाली असताना प्रश्न सुचत नाहीत.

प्रतिसाद १
तुमच्यासारखाच, फक्त चार वर्षं पुढे. वर्षानुवर्षं वाचून जे समजलं ते लिहितो.

हा विषाणू रक्तात उतरतच नाही. बारीकशा खरचटीतून त्वचेच्या सर्वात खालच्या थरात शिरतो आणि त्या पेशी वर सरकत जातील तसा वाढतो. वरच्या पेशी एरवीही झडणारच असतात, त्यांच्यासोबत बाहेर पडतो. पेशी फुटत नाही, सूज नाही, ताप नाही, मग शरीराला जाग येणार कशी? म्हणूनच बऱ्याच पुरुषांच्या रक्तात अँटिबॉडी तयारच होत नाहीत, विशेषतः संसर्ग लिंगाच्या जाड त्वचेवर असेल तर. गुदद्वाराच्या आतल्या ओल्या अस्तरात झाला तर त्या जास्त वेळा सापडतात. पण असल्या तरी आधीच पेशीत घुसलेल्या विषाणूला त्या काही करू शकत नाहीत. तेव्हा ती तपासणी करू नका, पैसे वाया.

संसर्ग मिटवतात त्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; सीडी फोर आणि सीडी एट हे त्यांचेच प्रकार). आपोआप जिरत चाललेल्या चामखिळीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सीडी फोर आणि सीडी एट पेशींची गर्दी दिसते. हट्टी चामखिळीत ती गर्दी नसते. रिपोर्टमधला ६४० म्हणजे रक्तातली मोजणी. त्यातल्या किती पेशी या विषाणूला ओळखतात आणि किती त्या अस्तरापर्यंत पोचतात, ते त्यावरून कळत नाही. उपचार सुरू होण्याआधी तुमचा सर्वात कमी आकडा किती होता? तो फार खाली गेला असेल तर एचपीव्ही ओळखणाऱ्या पेशीही तेव्हाच गमावलेल्या असू शकतात, आणि एकूण संख्या भरून आली म्हणून नेमक्या त्याच परत येतात असं नाही. सिगारेट ओढत असाल तर तीही सोडा, तिने हा संसर्ग रेंगाळतो.

अवांतर: २००८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो हे दाखवणाऱ्या आणि एचआयव्ही शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना एकत्रच मिळालं होतं. आपल्याकडेही दोघे एकत्रच आले, बक्षीस तेवढं नाही.

प्रतिसाद २
लसीबद्दल. ती स्नायूत टोचतात, त्यामुळे नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी जास्त अँटिबॉडी बनतात, एचआयव्ही असलेल्यांतही. पण तो पहारा दाराबाहेरचा. आत असलेला प्रकार ती काढत नाही. २७ वर्षांवरच्या एचआयव्हीबाधितांवर लसीची चाचणी झाली होती. गुदद्वारातला नवा संसर्ग टाळण्यात फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. अजून न भेटलेल्या प्रकारांसाठी डॉक्टर द्या म्हणाले तर घ्या, तीन डोस लागतात. चामखिळी जातील या आशेने घेऊ नका.

जोडीदाराबद्दल: 'गेला' म्हणजे दबला, असंही असू शकतं. शिवाय पुरुषांत एकदा होऊन गेल्याने पुढचं संरक्षण फारसं मिळत नाही, तोच प्रकार पुन्हा होऊ शकतो. लस खरं तर त्याने विचारून घ्यावी.

आता तुम्ही न विचारलेलं, पण जास्त महत्त्वाचं. चामखिळी बहुतेक एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांच्या, त्यांनी सहसा कर्करोग होत नाही. पण आपल्यासारख्यांत कर्करोग करू शकणारा प्रकार १६ सोबत असणं अगदी नेहमीचं, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गुदद्वाराचा आतला भाग भिंगातून तपासतात त्या हाय रिझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपीबद्दल विचारा. आत व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावतात, बिघडलेला भाग पांढरा उठतो, तिथून तुकडा घेतात. ३५ वर्षांवरच्या एचआयव्हीबाधितांवरच्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०२२ चे) असे कर्करोगपूर्व डाग काढल्याने गुदद्वाराच्या कर्करोगाचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं. तुम्ही ३८ चे आहात.

धागाकर्ता
जुनी फाईल काढली. सर्वात कमी आकडा ८८. नऊ वर्षं तो कागद उलटा करून ठेवला होता.

अ‍ॅनोस्कोपीसाठी शुक्रवारची वेळ घेतली, तोही सोबत येतोय. तुकडा घेतला तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं का?

प्रतिसाद १
मी गेलो होतो. दोन-तीन दिवस थोडं रक्त दिसलं, घाबरू नका. जास्त वाहिलं तर मात्र लगेच फोन करा. खुर्चीवर उशी न्या, कोणी विचारलं तर मूळव्याध सांगा. त्यात तुम्हाला चार महिन्यांचा अनुभव आहेच.