फोर्टची आकाशरेषा कोठे उभे राहून ठरवावी?

प्रश्न (वास्तुरचनेचा विद्यार्थी)

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील पदपथावरून समोर उच्च न्यायालय आणि 1878 साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा दिसतो. परंतु मागून शेअर बाजाराची इमारत डोके वर काढते. मनोरा सुमारे 85 मीटरचा, ही इमारत 118 मीटरची. येथून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या 94 इमारतींच्या समूहाला 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी उंचीची चर्चा भूखंडागणिकच होते. उंचीची मर्यादा नेमकी कशावरून ठरवावी?

उत्तर (लंडनवासी)

येथे सेंट पॉल्स कॅथेड्रलभोवती 1937 पासून उंचीचे निर्बंध आहेत. सुमारे 16 किलोमीटर दूर असलेल्या रिचमंड पार्कमधील टेकाडावरून, झुडपांत मुद्दाम राखलेल्या फटीतून, तो घुमट दिसतो आणि त्या दृष्टिरेषेच्या आड उंच इमारत येऊ दिली जात नाही. तरीही 2016 मध्ये घुमटाच्या बरोबर मागे, पार स्ट्रॅटफर्डमध्ये, एक टोलेजंग इमारत उभी राहत असल्याचे लक्षात आले. पुढची बाजू राखली, इतक्या दूरची पाठीमागची निसटली. आपला शेअर बाजाराचा दाखला त्याच जातीचा आहे.

उत्तर (निवृत्त नगररचनाकार)

पाहणारा कोठे उभा आहे हे आधी ठरवावे, आणि माझ्या मते ती जागा म्हणजे शहरात शिरण्याचे ठिकाण. 1860 च्या दशकात कोट पाडला गेला तेव्हा त्याचे दरवाजेही गेले. चर्चगेट हे नाव तेवढे रेल्वे स्थानकाने राखले. आज मांडव्याहून लाँचने येणाऱ्याला ताजचा घुमट आणि त्याशेजारची 1970 च्या दशकातील उंच इमारत आधी दिसते. गेटवेची 26 मीटरची कमान धक्का जवळ आल्यावरच त्यांच्यापासून सुटी होते. कोस्टल रोडचा बोगदा हा नवा दरवाजा आहे. मलबार हिलखालून दोन किलोमीटर आलेली गाडी गिरगाव चौपाटीपाशी वर येते आणि मरीन ड्राइव्हचा बाक एकदम उलगडतो. पहिली दृष्टिरेषा तेथून आखावी. मेट्रो 3 ने हुतात्मा चौकात वर येणाऱ्याला शहर प्रथम कसे दिसेल, हे तर जिन्याचे तोंड कोणीकडे आहे यावरच ठरते.

उत्तर (गिरगावकर)

चौपाटीवरून रेषा आखाल, तर ती आमच्या चाळींवरून जाईल. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासाला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम 33(7) खाली 1.33 ऐवजी किमान 3 चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) मिळतो, आणि भाडेकरूंना विनामूल्य घरे देऊन उरलेले क्षेत्र विकायचे म्हटल्यावर अरुंद गल्लीतही मनोराच उभा राहतो. उंची कापायची असेल, तर वारसा इमारतींप्रमाणे न वापरलेल्या क्षेत्राचा टीडीआर, म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे वापरण्याचा विकता येणारा हक्क, आम्हालाही द्यावा. मजल्यावरच्या सामायिक संडासापुढे सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आकाशरेषेचे महत्त्व पटवून देणे जरा अवघड जाते.

विद्यार्थी

आरंभ बोगद्याच्या तोंडापासून करतो. रेषेखाली येणाऱ्या चाळींची यादी सोबतच करीन, आणि त्यांचे उरलेले क्षेत्र कोठे जाईल हे नकाशावर दाखवल्यावाचून उंचीचा आकडा लिहिणार नाही.