दुसऱ्या पाट्यांवर लिहिलं कोणी? (निर्गम ३४)

सदरकर
जय ख्रिस्त. रविवारी तरुणांच्या बायबल अभ्यासात निर्गम ३४ घ्यायचा आहे. दहा आज्ञांच्या आधीच्या दगडी पाट्या फुटल्यावर पहिल्या वचनात परमेश्वर इस्राएलांचा पुढारी मोशे याला म्हणतो, नव्या पाट्या तू घड, लिहीन मी. २७व्यात मोशेलाच लिहायला सांगतो. २८व्यात नुसतं 'त्याने लिहिली'. मग लिहिलं कोणी? शिवाय वर्गात कॅथलिक मुलंही आहेत, आज्ञांचे क्रमांक जुळत नाहीत.

काटोल रोड वाचक
अनुवाद या पुस्तकातलं १०:१-४ आधी वाचा. मोशे स्वतः सांगतो की पाट्या मी घडल्या, दहा आज्ञा परमेश्वराने लिहिल्या. तेव्हा २८ मधला 'तो' परमेश्वर, हे माझं मत. काही अभ्यासक तिथे मोशेला धरतात, तेही वर्गात सांगाच. २७वं वचन मात्र वेगळ्या लिखाणाचं आहे: १० ते २६ मधल्या अटी, म्हणजे ओतीव देव करू नका, बेखमीर भाकरीचा सण पाळा, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका. दोन्ही वचनं एका दमात वाचली की घोळ होतो. २७ नंतर थांबा.

धंतोलीची ताई
दादा, ३४ एकटा घेऊ नका, अर्थ निसटतो. दहा आज्ञा लोकांनी आधी कानांनी ऐकल्या (अध्याय २०) आणि घाबरून मोशेला म्हणाले, तूच आमच्याशी बोल. २४:४ मध्ये मोशे सगळं लिहून काढतो, २४:७ मध्ये वाचून दाखवतो, लोक होकार देतात, रक्त शिंपडलं जातं. देवाशी लोकांचा करार इथे पक्का झाला. पाट्या त्यानंतरच्या: ४० दिवस पर्वतावर, ३१:१८ मध्ये देवाच्या बोटाने लिहिलेल्या. खाली लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू उभं केलेलं, ते पाहून मोशेने पाट्या फोडल्या. लोकांनी करार मोडला होता, तरी देव पुन्हा लिहून देतो! लिहिण्याआधी तो स्वतःची ओळख दयाळू, कृपाळू, मंदक्रोध अशी करून देतो (३४:६-७), आणि त्याच दमात दोषीला मोकळं सोडत नाही हेही सांगतो. ही दोन वचनं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. बराच वेळ इथेच द्या.

काटोल रोड वाचक
क्रमांकांचं सोपं आहे. अन्य देव आणि मूर्ती या कॅथलिक परंपरेत मिळून पहिली आज्ञा. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पहिली व दुसरी. म्हणून 'चोरी करू नको' तिकडे सातवी, इकडे आठवी. शेवटी कॅथलिक लोभाच्या दोन करतात, शेजाऱ्याची बायको आणि शेजाऱ्याची मालमत्ता, आणि दहा भरतात. मजकुरात आकडे नाहीतच. फळ्यावर क्रमांक न घालता आज्ञा लिहा, वाद होणार नाही.