आकडा मोठा म्हणजे सेल मोठा, असं नाही

कुणीतरी विचारलंय की यूएसबी केबलने चार्ज होणाऱ्या डबल-ए (पेन्सिल) सेलवर ३००० लिहिलंय, मग आपले जुने २०००वाले, पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल भंगारात काढायचे का? थांबा जरा. ते ३००० बहुधा मिलिवॅट-अवर (ऊर्जेचं माप) असतात, जुन्या सेलवरचे मिलिअँपिअर-अवर (विद्युतभाराचं माप) नव्हे. सेलच्या १.५ व्होल्टने भागलं की उरतात २००० मिलिअँपिअर-अवर. जुन्या सेलचे २००० गुणिले त्यांचे १.२ व्होल्ट म्हणजे २४०० मिलिवॅट-अवर. फरक आहे, पण दीडपटीचा नाही.

या यूएसबीवाल्या सेलच्या पोटात लिथियम-आयन सेल असतो, साधारण ३.७ व्होल्टचा. एक चिमुकलं सर्किट तो दाब (व्होल्टेज) उतरवून १.५ करतं आणि शेवटपर्यंत तिथेच धरून ठेवतं. १.२ व्होल्टवर कुरकुरणाऱ्या उपकरणांना हे फार मानवतं. तोटाही त्यातच आहे: व्होल्टेज उतरतच नाही, त्यामुळे सेल संपत आलाय हे उपकरणाला कळत नाही. माझ्या वायरलेस माउसचं इंडिकेटर आठवडेन् आठवडे 'फुल' दाखवत होतं आणि एक दिवस मीटिंगच्या मधोमध माउस गपकन मेला. आधी सूचना नाही, काही नाही! (टॉर्चचंही तेच, त्यामुळे अंधारात जाताना जोडीला दुसरे सेल ठेवाच.) रेडिओत घातले तर त्या सर्किटची खरखर ऐकू येऊ शकते, विशेषतः एएम स्टेशनांवर.

टाइप-सी पोर्ट असूनही सी-टू-सी केबलने (दोन्ही टोकांना टाइप-सी) चार्ज होत नसेल तर लगेच सेलला नावं ठेवू नका. स्वस्त सेलमध्ये त्यासाठी लागणारे रेझिस्टर (चार्जरला 'वीज दे' असं सांगणारे छोटे भाग) बऱ्याचदा गाळलेले असतात. ए-टू-सी केबल (एका टोकाला जुना चपटा यूएसबी) लावून बघा. आणि हो, हे सेल निकेलवाल्या चार्जरमध्ये चुकूनही घालू नका.